देवसिंगचा हातगुण

पुसदहून उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाची शेवटची घरं संपली की सरकी साठवायचं एक जुनं गोदाम लागायचं. एकोणीसशे चौसष्ट साली पंजाबराव वानखड्यांनी ते विकत घेतलं, भिंतींना चुना मारला, आत सिमेंटचे ओटे बांधले आणि दारावर पाटी लावली : कृषी रसायन संशोधनशाळा. नागपूरला तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. राहायचं घर गोदामाला लागूनच होतं. त्यामुळे त्यांच्या बायकोला, कांताबाईंना, भाजीला फोडणी घालताना नवऱ्याचा आरडाओरडा ऐकू यायचा आणि नवऱ्याला आरडाओरडा करताना फोडणीचा ठसका लागायचा.

दोन वर्षांनी, सहासष्टच्या पावसाळ्यात, नलू मुनेश्वर तिथं कामाला लागली. बी.एस्सी. झालेली, बावीस वर्षांची, अंगानं किरकोळ आणि नजरेला भलतीच पक्की. पहिल्या दिवशी पंजाबरावांनी तिला तीन नियम सांगितले. एक, ओट्यावर कोपर टेकायचं नाही. दोन, काचसामान फक्त धुण्याच्या पावडरीनंच धुवायचं, राखेनं नाही, मातीनं नाही. तीन, पांढरा कोट पांढराच दिसला पाहिजे.

तिसऱ्या नियमाबाबत त्यांच्याकडे बघण्यासारखं होतं. त्यांचा स्वतःचा कोट इतका पांढराफेक असायचा की उन्हात उभे राहिले तर समोरच्याला डोळे मिचकावावे लागायचे. पुसदच्या काळ्या मातीत, जिथं परीटसुद्धा हात टेकायचे, तिथं हा कोट म्हणजे एक नवलच होतं. पंजाबराव म्हणायचे, "माणसाच्या विचारात स्वच्छता असली की कपड्यात उतरते."

काम होतं तुरीचं. त्या वर्षी युरिया नावाचं नवं खत पोत्यांतून गावोगाव यायला लागलं होतं. पांढरे दाणे. त्यात कोणी मीठ मिसळलं तरी शेतकऱ्याला कळायचं कसं? पंजाबरावांनी यावर तोड काढली होती. तुरीच्या दाण्यात एक प्रथिन असतं. त्याला युरिया दिसला की ते त्याचे तुकडे पाडतं आणि त्यातून अमोनिया निघतो. असल्या कामसू प्रथिनाला एन्झाइम म्हणतात. तूर भिजवलेल्या पाण्यात लाल-पिवळा रंग बदलणारं औषध घातलं, की खऱ्या युरियावर पिवळं पाणी गुलाबी होतं आणि मिठावर पिवळंच राहतं. हे एन्झाइम लहान लहान बाटल्यांत भरायचं आणि गावोगाव पाठवायचं, एवढंच स्वप्न.

तूर दळून नुसती भिजवली तर पाणी गुलाबी व्हायचं खरं, पण दुसऱ्या दिवशी बाटलीला असा वास सुटायचा की शेतकरी युरियाही फेकून पळाला असता. म्हणून पंजाबराव ते पाणी गाळायचे, त्यातलं नको ते सगळं काढून टाकायचे, पुन्हा गाळायचे. शेवटी हाती यायचं ते झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ. शुद्ध एन्झाइम. आणि घोडं इथंच अडलं होतं. हे शुद्ध एन्झाइम पातळ करून बाटलीत भरलं की कधी जिवंत असायचं, कधी ठार मेलेलं. सोमवारी गुलाबी, मंगळवारी गुलाबी, बुधवारी पिवळं. तीच तूर, तेच पाणी, तीच माणसं.

पंजाबरावांनी एक वही घातली. त्यात वारा, ऊन, ढग, नलूनं डब्यात काय आणलं, शेजारी कांद्याची फोडणी होती की लसणाची, सगळं लिहायला सुरुवात केली. महिन्याभरानं त्यांना वहीत एक गोष्ट दिसली. ती दिसल्यावर त्यांनी सगळी पानं पुन्हा पहिल्यापासून तपासली.

गोदामात तिसरा माणूस होता देवसिंग राठोड. चाळिशीतला, फुलसावंगीच्या बाजूच्या एका तांड्यातला. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. देवसिंग स्वतः तीन एकर जवारी बघायचा आणि आठवड्याचे सहा दिवस इथं काचसामान धुवायचा. बोलायला कमी, पण बोलला की ऐकणाऱ्याला दिवसभर पुरायचं.

"नलू," पंजाबराव म्हणाले, "तू काच धुतलीस तर एन्झाइम मरतं."

"सर, मी तीनदा पावडरीनं धुते. मग सहा वेळा साध्या पाण्यानं. मग तीनदा आसवलेल्या पाण्यानं."

"माहीत आहे. मीही तसंच धुतलं. माझंही मेलं. आणि देवसिंग एकदा घासतो, एकदा बुचकळतो, पायजम्याला पुसतो." त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. "त्याचं चारांतलं तीनदा जगतं."

वहीत एका रकान्यावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : देवसिंग-परिणाम.

पुढचे आठ दिवस पंजाबरावांनी देवसिंगवर प्रयोग केले. भिंगातून त्याचे तळवे पाहिले. त्याची दहाही बोटं कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली आणि त्या पाण्यात एन्झाइम घालून पाहिलं. काही झालं नाही. मग उजवा हात वेगळा, डावा वेगळा. त्याला घाम यावा म्हणून भर दुपारी गोदामाला चार चकरा मारायला लावल्या.

"सायेब," तिसऱ्या चकरेनंतर देवसिंग धापा टाकत म्हणाला, "घाम तं आला. आता कायले पळवून राह्यले?"

"विज्ञानासाठी."

"त्याले सांगा, जरा सावलीत ये म्हणा."

शेवटी पंजाबराव दमले. आयुष्यभर मुलांना कार्यकारणभाव शिकवलेला तो माणूस एका सकाळी हळू आवाजात म्हणाला, "हातगुण म्हणतात तसं काही असावं." आणि आजवर ओट्यापाशी कोणाला बसू न देणाऱ्या पंजाबरावांनी देवसिंगसाठी खुर्ची मागवली.

ही बातमी डाकवाल्यानं गावात नेली आणि गावातून ती देवसिंगच्या आधी तांड्यावर पोचली. चार दिवसांत लोक यायला लागले. कोणाचं दही लागत नव्हतं, कोणाची कोंबडी अंड्यावर बसत नव्हती. फुलसावंगीहून एक म्हातारा बकरी घेऊन आला आणि म्हणाला, "नुसता पाठीवरून फिरव, बापू." देवसिंगनं संकोचानं हात फिरवला. बकरीनं त्याच्या फेट्याचं टोक खाल्लं, म्हातारा समाधानानं परत गेला.

त्याची बायको मोतीबाई मात्र सगळ्यांना सांगत सुटली होती, "इतका हातगुण हाय तं घरच्या म्हशीले हात लावला की लाथ काहून खाते हा?"

नलूच्या मनाला हे सगळं फार लागलं. एक म्हणजे तिच्या हातानं मरतं आणि देवसिंगच्या हातानं जगतं, हे चारचौघांत वहीत लिहिलं गेलं होतं. पण खरं दुखणं वेगळं होतं. ती बारा वर्षांची असताना, छप्पनच्या ऑक्टोबरात, तिचे वडील नागोराव नागपूरहून दीक्षा घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी घरातले गंडे, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या एका टोपल्यात भरून नदीत सोडल्या होत्या. गळ्यातला काळा दोरा कापला तेव्हा नलू रडली होती. त्यावर नागोराव म्हणाले होते, "आजपासून जे होईल त्याचं कारण पाहायचं." त्या एका वाक्यासाठी ती विज्ञान शिकली. आणि आता पहिल्याच नोकरीत तिला कारण म्हणून मिळालं होतं हातगुण!

रविवारी घरी गेल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं. नागोराव शाळेच्या वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "तो भांडे धुते तवा तू पाह्यलं काय?"

"नाही. तो मागच्या न्हाणीत धुतो."

"मंग पाह्य ना, बाप्पा. मले कायले इचारतं?"

पण पाहायचा योग यायच्या आधीच पत्र आलं. पंजाबरावांचे जुने विद्यार्थी डॉ. उमरीकर, जे आता नागपूरला मोठे शास्त्रज्ञ होते, पुढच्या शुक्रवारी स्वतः प्रयोग पाहायला येणार होते. त्यांना पटलं तर बाटल्या गावोगाव जाणार. पंजाबरावांनी गोदामाला पुन्हा चुना मारायला घेतला आणि देवसिंगला निरोप धाडला की गुरुवारी सगळी काच त्यानं एकट्यानं धुवायची.

देवसिंग दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या पोटात दुखतं, असा निरोप आला.

नलू एस.टी.नं फाट्यावर उतरली आणि दोन मैल चालत तांड्यावर गेली. मोतीबाई आरशांच्या ओढणीचा पदर डोक्यावर सारत दारात आली, तिनं नलूला पाणी दिलं, गूळ दिला आणि आतल्या अंधाराकडे बोट दाखवलं. देवसिंग बाजेवर घोंगडं पांघरून पडला होता. घोंगड्याखालून बिडीचा धूर येत होता.

"देवसिंगभाऊ, पोट दुखत असताना बिडी?"

घोंगडं खाली आलं. देवसिंग उठून बसला. "बाई, पोट नाई दुखत. हातगुण सपला."

"म्हणजे?"

"सपला म्हंजे सपला. डबा खाली झाला."

"कसला डबा?"

देवसिंगनं मोतीबाईकडे पाहिलं. मोतीबाई म्हणाली, "सांग ना आता. तीन दिवसांपासून माह्या डोक्शाले ताप हाय तुह्या पोटाचा."

मग देवसिंगनं सांगितलं ते असं. उन्हाळ्यापासून धुण्याची पावडर त्याच्या हाती पुरती कधी आलीच नाही. ओट्यावरची पावडर सायबाची आणि नलूची; न्हाणीत महिन्याचा डबा आला की आठवडाभरात रिकामा. पाण्यानं नुसती धुतलेली काच तेलकट राहायची आणि सायबाची बोलणी बसायची. मागच्या खोलीत कापसावर फवारणी करून दाखवायला आलेले लोक एक काळा डबा ठेवून गेले होते. त्यात मधासारखं दाट पाणी होतं. औषध पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, पानावर थेंब थेंब न राहता सगळीकडे पसरावं, म्हणून ते फवाऱ्यात मिसळायचे. देवसिंगनं बोटभर घेऊन बाटली घासून पाहिली. तेलकटपणा गेला. फेस फार येत नव्हता म्हणून एकाच बुचकळीत तो काम आटपायचा.

"आणि पावडर असली त्या आठवड्यात?"

"तवा पावडरीनं धुतलं. सायेब उभे राहत ना डोक्यावर, पयल्या हप्त्यात."

नलूनं मनातल्या मनात वहीची पानं उलटली. देवसिंगनं काच धुतलेल्या दिवसांत महिन्याचा पहिला आठवडा : पिवळं. पुढचे तीन : गुलाबी.

"पण भाऊ, पावडर जायची कुठं?"

देवसिंगनं दोन्ही हात जोडले. "थे नका इचारू. मी बाईसायबाले शबुद देल्ला हाय."

बाईसाहेब एकच होत्या. नलूच्या डोळ्यांपुढे पंजाबरावांचा कोट लख्खकन चमकला. तिला इतकं हसू आलं की गूळ घशात अडकला आणि मोतीबाईला तिच्या पाठीत चार गुद्दे मारावे लागले.

"चला भाऊ," ठसका थांबल्यावर ती म्हणाली. "डबा कुठं आहे?"

"पण तो खाली हाय."

"रिकाम्या डब्याच्या तळाशी जे चिकटलंय ना, तेवढंच पुरे."

त्या दुपारी नलूनं काळा डबा पेलाभर आसवलेल्या पाण्यानं विसळला. मग टेस्टट्यूबच्या रांगा मांडल्या. पहिल्या रांगेत नुसतं शुद्ध एन्झाइम. दुसऱ्या रांगेत एन्झाइमच्या हजार थेंबांना एक थेंब विसळलेलं पाणी. तिसऱ्या रांगेत धुण्याच्या पावडरीचा थेंब. चौथ्या रांगेत एन्झाइमच नाही, नुसतं डब्याचं पाणी आणि रंग. सगळ्या नळ्या तिनं खदाखदा हलवल्या, रात्रभर ठेवल्या आणि सकाळी त्यांत युरिया टाकला.

पहिली रांग पिवळी. चौथीही पिवळी. तिसरी तर युरिया टाकायच्या आधीच गुलाबी होऊन बसली होती, कारण पावडरीत मुळातच सोडा, आणि अमोनियासारखा तोही रंग बदलतो. हा गुलाबी रंग म्हणजे निव्वळ फसवणूक. दुसरी रांग मात्र आधी पिवळी होती, आणि युरिया पडल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक एक नळी गुलाबी होत गेली. देवसिंग शेजारी उभा राहून बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "इथं तं म्या हात नाई लावला."

"नाही लावला, भाऊ."

"बरं झालं." त्यानं मोठा श्वास सोडला. "बकऱ्याईनं जीव नकोसा केलता."

आता प्रश्न होता सरांना सांगायचं कसं. कांताबाईंचं नाव न घेता नलूनं एवढंच सांगितलं की एन्झाइममध्ये या फवारणीच्या साबणासारख्या द्रवाचा एक थेंब टाकला तर ते टिकतं. पंजाबरावांनी चष्मा काढला.

"साबण? माझ्या एन्झाइममध्ये?"

"सर, हजाराला एकच थेंब."

"मी दोन वर्षं गाळगाळ गाळून ते शुद्ध केलं, नलू. त्यात पराटीवरचं काळं पाणी घालू? उद्या म्हणशील, खिरीत रॉकेल घाला." ते कोटाच्या बाह्या ओढून उभे राहिले. "उमरीकरांसमोर शुद्धच जाईल. देवसिंग धुईल आणि ते जगेल."

गुरुवारी देवसिंगनं डबा विसळलेल्या पाण्यानंच सगळी काच धुतली. तेव्हा शुक्रवारी सगळं आपोआप ठीक होईल असं दोघांना वाटलं. तरी नलूनं आपल्या दुसऱ्या रांगेसारख्या दोन नव्या बाटल्या भरून खिडकीत ठेवल्या.

शुक्रवारी उमरीकर आले. उंच, हसरे. त्यांनी वाकून पंजाबरावांच्या पाया पडल्या पडल्या म्हटलं, "सर, तुमचा कोट अजून तसाच!" पंजाबराव सुखावले. मग उमरीकरांनी जीपमधून एक लाकडी खोका उतरवला.

"काच मी नागपूरहून आणली आहे, सर. कोरी करकरीत. तेजाबात बुडवून साफ केलेली. तुम्हीच शिकवलं होतं, दुसऱ्याच्या भांड्यावर विश्वास ठेवायचा नाही."

पंजाबरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी शुद्ध एन्झाइम त्या कोऱ्या, चकचकीत बाटल्यांत ओतलं, पातळ केलं, खूप हलवलं. तासाभरानं युरिया टाकला. पाणी पिवळं. पाच मिनिटं गेली. पिवळं. दहा मिनिटं गेली. उमरीकर सभ्यपणे छताकडे पाहू लागले.

पंजाबरावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि न राहवून ओरडले, "देवसिंग! हात लाव!"

देवसिंग कोपऱ्यात उभा होता. त्यानं नलूकडे पाहिलं. नलूनं डोळे मिटले. देवसिंग पुढे आला आणि त्यानं बकरीच्या पाठीवरून फिरवावा तसा बाटलीवरून अलगद हात फिरवला.

पिवळं.

"दुसरा हात!"

देवसिंगनं दुसरा हात फिरवला.

"सर," उमरीकर अगदी हळू म्हणाले, "हे काय चाललंय?"

मग नलू खिडकीपाशी गेली आणि तिथल्या दोन बाटल्या घेऊन ओट्यापाशी आली. "साहेब, यातलं एन्झाइम कालचं आहे. हवं तर अजून हलवा."

उमरीकरांनी ताक घुसळावं तशी बाटली हलवली आणि युरियाचे चार दाणे टाकले. पाणी आधी नारिंगी झालं, मग त्याला जास्वंदीसारखी लाली चढली.

"यात काय आहे?"

"फवारणीचं पसरवणारं औषध. साबणाचाच एक प्रकार, पण सौम्य."

"मग रंग त्या साबणानंच आला नाही कशावरून?"

नलू या प्रश्नाची वाटच पाहत होती. तिनं चौथ्या रांगेसारखी ताजी नळी पुढे केली. "यात तोच साबण आहे, फक्त एन्झाइम नाही. टाका युरिया." त्यांनी टाकला. पाणी पिवळंच राहिलं.

उमरीकर स्टूल ओढून बसले. "आता मला समजावून सांग."

"साहेब, तूर भिजवलेल्या कच्च्या पाण्यात पुष्कळ प्रथिनं असतात. त्यातली थोडी काचेला चिकटून वाया गेली तरी बाकीची उरतात. सरांनी शुद्ध करून, पातळ करून जे ठेवलं, ते आहेच मूठभर. ते सगळंच काचेला जाऊन चिकटतं. हलवलं की फेसाच्या कडेला जाऊन उलगडतं आणि एकमेकांत गुंततं. मग काम करायला कोण उरलं? काच जितकी स्वच्छ, तितकी चिकटायला जागा जास्त. हा साबण काय करतो, एस.टी.त माणूस खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसा काचेवर आणि फेसाच्या कडेवर आधीच जागा धरून बसतो. एन्झाइमला बसायला जागाच मिळत नाही. ते आपलं पाण्यात उभं राहतं आणि काम करतं."

"आन् पावडर?" देवसिंगनं मध्येच विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पावडरीचा साबण तामसी, भाऊ. तो जागा धरत नाही, एन्झाइमच्याच अंगावर जातो आणि त्याची घडी मोडतो."

उमरीकर हसले. "सुचलं कसं हे?"

"सुचलं नाही, साहेब. देवसिंगभाऊ काच याच औषधानं धुवायचे. बोटभर चोपडायचे आणि एकदाच बुचकळायचे. म्हणून थोडं काचेवर राहून जायचं."

"याच्यानं?" पंजाबरावांना आता कंठ फुटला. "मी पावडर आणून दिली होती! दर महिन्याला डबा! नियम दुसरा! पावडर कुठं गेली, देवसिंग?"

देवसिंग गोदामाच्या आढ्यातली कौलं मोजू लागला.

"मी विचारतोय, कुठं गेली?"

"माह्यापाशी," दारातून आवाज आला. कांताबाई चहाचा आणि चिवड्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला. आजवर त्या ओट्यावर चहा टेकवायची कोणाची छाती झाली नव्हती. "मीच आणवत होती देवसिंगकडून. त्याले काही बोलायचं काम नाई."

"तू? कशाला?"

"कशाला? पुसदच्या इहिरीच्या पाण्यात, साध्या साबणानं, तुमचा हा कोट असा पांढरा निघते असं वाटलं काय तुमाले? रोज संध्याकाळी घरी येता आन् बाहीवरचा डाग दाखवता. विचारातली स्वच्छता म्हणे! विचार तुमचे, हात माहे सोलले."

उमरीकरांनी चिवड्याची बशी तोंडासमोर धरली. बशीमागं त्यांचे खांदे हलत होते. पंजाबरावांनी कोटाची बटणं एक एक करून काढली, कोट खुंटीला टांगला आणि आतल्या विटक्या, कोपरावर ठिगळ असलेल्या शर्टात ओट्यापाशी येऊन बसले.

"नलू," ते म्हणाले, "हजाराला एक थेंब म्हणालीस ना? पाचशेला एक टाकून पाहिलास?"

"नाही, सर."

"मग टाक. आणि दोन हजारालाही एक टाक. किती कमीत भागतं ते कळलं पाहिजे." थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, देवसिंगकडे न बघता. "चहा घे रे तू. बस."

उमरीकरांना पटलं, पण त्यांनी एक अट घातली. बाटल्या केळापूर तालुक्यात न्यायच्या, एस.टी.नं, खड्ड्यांतून, आणि तिथं लोकांसमोर चालवून दाखवायच्या. डिसेंबरात नलू आणि देवसिंग निघाले. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चोवीस बाटल्या मडक्यात आणि मडकं देवसिंगच्या मांडीवर. दारव्ह्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढं गाडी इतकी आदळली की वाहकाच्या हातातली तिकिटं दोनदा उडाली. नलूला वाटलं, एकही बाटली जिवंत राहणार नाही.

केळापुरात पंचायतीच्या ओट्यावर शे-दीडशे माणूस जमलं होतं. दुकानदारांनी आपापल्या पोत्यांतले नमुने आणले होते. नलूनं आधी उमरीकर साहेबांनी दिलेला खात्रीचा युरिया टाकला. बाटली गुलाबी झाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग एकामागून एक नमुने. गुलाबी, गुलाबी, गुलाबी. आठव्या नमुन्याला बाटली पिवळीच राहिली.

"बाटली खराब हाय," दुकानदार म्हणाला.

नलूनं त्याच बाटलीत खात्रीच्या युरियाचे दाणे टाकले. सगळ्यांच्या देखत ती गुलाबी झाली. कोणीतरी पोत्यातला दाणा उचलून जिभेवर ठेवला. "मीठच हाय बे!" एकच गलका उडाला, आणि दुकानदार, पोतं इथंच ठेवून जरा घरी जाऊन येतो म्हणत, निघून गेला.

गलका शमला, उरलेले पाच नमुनेही तपासून झाले, तेव्हा श्रावण नावाचा एक म्हातारा शेतकरी गर्दीतून पुढे आला. त्याच्या हातात पितळी लोटा होता.

"पोरी, यात पाह्य बरं."

"यात काय आहे, बाबा?"

"बैलाचं मूत."

लोक हसले. नलू हसली नाही. तिनं आधी एन्झाइम नसलेल्या रंगाच्या पाण्यात एक थेंब टाकला; रंग जेमतेम हलला. मग तोच थेंब बाटलीत टाकला. बाटली गडद गुलाबी झाली, दुकानदारांच्या कुठल्याही नमुन्याहून गडद. लोकांचं हसणं थांबलं.

"म्हंजे याच्यात थेच हाय, जे पोत्यात हाय?" श्रावणनं विचारलं.

"तेच आहे, बाबा. युरियाच आहे."

"मंग मी पोतं इकत कायले घेऊ?"

नलूनं तोंड उघडलं. नत्र किती टक्के, एकरी किती लागतं, एका बैलाचं दिवसाचं किती भरतं, हा सगळा हिशेब तिला येत होता. पण दीडशे माणसं तिच्याकडे बघत होती, आणि त्यातले पाच-पन्नास एव्हाना लोटे आणायला घरच्या वाटेला लागले होते.

"देवसिंगभाऊ," ती हळूच म्हणाली, "मडक्यात अजून किती बाटल्या आहेत?"

"नऊ," देवसिंग म्हणाला. "आन् बैल लय हायेत, बाई."